डावीकडची खुंटी

तुम्हाला माहीत होतं. आता नाही म्हणू नका, आणि चष्मा काढून रुमालानं पुसत बसू नका. तीन वर्षं मी तुमच्यासमोर उभा होतो, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर काचेचा चंबू ठेवून, ब्युरेटची तोटी बोटांत धरून, आणि मला दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. हा फरक नीट ध्यानात घ्या, सर, कारण माझं सगळं भांडण या फरकावर उभं आहे.

मला ते सोमवारी कळलं. रामदासपेठेत, कारखान्यानं नेमलेल्या डॉक्टरच्या खोलीत. नोकरी जवळजवळ हातात होती, मुलाखत झाली होती, केमिस्ट म्हणून नाव निघालं होतं, फक्त तब्येत तपासायची बाकी होती. छाती पाहिली, जीभ पाहिली, गुडघ्यावर टकटक केलं, आणि मग डॉक्टरनं टेबलावर एक पुस्तक उघडलं. पानावर रंगीत ठिपके. आकडा कोणता? बारा, मी म्हटलं. पान उलटलं. आकडा कोणता? मी पाहिलं. ठिपके होते. लहान, मोठे, काही फिकट, काही मातकट. साबुदाणा सांडल्यासारखे. यात आकडा नाही, मी म्हटलं. यात? यातही नाही. मला वाटलं हा माणूस मला फसवून पाहतो आहे, नसलेला आकडा मी घाबरून सांगतो की काय ते. म्हणून मी जरा ताठ बसून, आवाजात जोर आणून सांगत गेलो, नाही, नाही, नाही. पानं संपली. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "शिक्षण काय म्हणालात?" बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. "पास?" सेकंड क्लास. तो हसला. वाईट हसला नाही, तेच जास्त लागलं. "अहो, मग तीन वर्षं तुम्ही तिथं केलं काय?"

हा प्रश्न घेऊन मी रस्त्यावर आलो. लोक सायकलींवरून चालले होते, संत्र्यांच्या ढिगाशी एक बाई भाव करून राहिली होती, आणि मी समोरच्या बंगल्याच्या मेंदीच्या कुंपणापाशी उभा राहून पोस्टाची पेटी शोधत होतो. पत्र टाकायचं नव्हतं. ती कशी सापडते ते पाहायचं होतं. सापडली, तिच्या गोल डोक्यावरून. आजवर ती मला नेहमी अशीच सापडत आली होती आणि मला वाटायचं सगळ्यांना अशीच सापडते. उन्हाळ्यात लोक म्हणतात गुलमोहर पेटला. मी ते ऐकत आलो, आणि हे एक बोलायचं असतं म्हणून बोलतात असं समजत आलो, जसं म्हणतात चंद्र हसला. डॉक्टरनं जाताना सांगितलं होतं, उजेड कमी असेल, गुरुवारी सकाळी पुन्हा या, मी अजून वर काही कळवलेलं नाही. आणि माझी समजूत काढायला म्हणून एक गोष्ट सांगितली. म्हणे लाल-हिरवं वेगळं न दिसण्याच्या या दोषाला डाल्टनचं नाव आहे. कोणता डाल्टन? तोच, अणूवाला. त्याला स्वतःलाच होता, त्यानंच पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं.

डाल्टन. तुमचा पहिला तास आठवतो का तुम्हाला? मला आठवतो. सायन्स कॉलेजचा तो पायऱ्यापायऱ्यांचा हॉल, गॅसचा आणि जुन्या लाकडाचा वास, आणि तुम्ही फळ्यावर पहिलं नाव लिहिलंत ते त्याचं. त्याचा जन्म सांगितलात, त्याची गरिबी सांगितलीत. तो विणकराचा मुलगा होता, असंही सांगितलंत, आणि मी शेवटच्या बाकावर कोष्टीपुऱ्याचा एकटा पोरगा, माझ्या अंगावर काटा आला होता. एवढं सगळं सांगितलंत. ही एक गोष्ट नाही सांगितलीत. विसरलात? की तुम्हाला ती पोरांना सांगण्याजोगी वाटली नाही? त्या दिवशी तुम्ही नुसतं म्हणाला असतात की ज्यानं अणू सांगितला त्याला लाल-हिरवं कळत नव्हतं, तर मी घरी जाऊन आमच्या खुंट्यांकडे एकदा निराळ्या नजरेनं पाहिलं असतं.

खुंट्या तुम्हाला माहीत नाहीत. आमच्या घरी पुढच्या खोलीत माग, त्याच्या मागच्या भिंतीला ओळीनं खुंट्या, आणि खुंट्यांवर रंगवलेल्या सुताच्या लड्या. दारापासली डावीकडची पहिली खुंटी लाल. मग पिवळी, मग मधे एक मोकळी, मग हिरवी, मग जांभळी. मी चालायला लागलो तेव्हापासून हे असंच. माय म्हणे, "जागेश्वर, लाल आन," की मी दारापासच्या खुंटीकडे धावायचो. लाल म्हणजे दारापासचं. हिरवं म्हणजे मोकळ्या खुंटीच्या पलीकडचं. मी पुढं मागावर बसलो, लुगड्याच्या काठाला लाल आणि हिरवं दोन्ही चालवायचो. लाल सुताचा धोटा डाव्या हाताशी, हिरव्याचा उजव्या. हात मोजत जायचा आणि काठ उतरत जायचा. बाबा शेजारच्याला दाखवायचे, पाह्य गा, पोराचा हात कसा बिनचूक चालते. ते लुगडं मी विणलं, विकलं गेलं, कोणत्या तरी बाईनं ते लग्नात नेसलं, आणि त्याचा काठ मी कधी पाहिला नाही. मला तिथं एकाच रंगाची एक पट्टी दिसत होती, कुठं जराशी मळकी, कुठं कमी. मी समजायचो रंग ही शिकायची गोष्ट आहे. ज्याच्या हाताला सवय झाली त्याला तो कळतो. नजर कच्ची असेल तर पक्की होते. या समजुतीवर मी तुमच्या दारात आलो.

आणि तुम्ही मला आत घेतलंत. प्रवेशाच्या अर्जात सगळं विचारलं होतंत. आधीच्या परीक्षेत गुण किती, जात कोणती, बाप काय करतो, देवी टोचल्या का, वर्तणुकीचा दाखला आहे का. इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, फिजिकल, तीन पेपर आणि प्रात्यक्षिक. त्या प्रात्यक्षिकात काय आहे? रंग. दुसरं काय आहे सांगा. मिथिल ऑरेंजचा पिवळा जाऊन तांबूस येतो तिथं थांबा. ज्योतीत सफरचंदी हिरवा आला तर बेरियम, किरमिजी आला तर स्ट्रॉन्शियम. नळीत तळाला बसणारा साका तपकिरी की हिरवा, पांढरा की पिवळा. माणसाच्या डोळ्यावर अख्खा अभ्यासक्रम उभा केलात आणि डोळ्यांचं एक अक्षर विचारलं नाहीत. देवी टोचल्याचं मात्र विचारलंत.

पहिलं टायट्रेशन. मी थेंब सोडतो आहे, चंबू हलवतो आहे, पाहतो आहे. पिवळं. पिवळं. पिवळं. बाजूचा मुलगा केव्हाच थांबला. मी सोडतोच आहे. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात, मला तुमच्या अंगाचा विड्याचा वास आला. "काय चाललंय? रंग येऊन म्हातारा झाला." मी म्हटलं, सर, अजून आला नाही. तुम्ही चंबू उचलून खिडकीशी धरलात, माझ्याकडे पाहिलंत, हजेरीतलं माझं नाव आठवलंत. "कोष्ट्याचा ना तू? आणि रंग कळत नाही? घरी काय नुसतं पांढरंच विणता?" अख्खी बॅच हसली. मीही हसलो. मी हसलो हे मला आज जास्त झोंबतं. तुम्ही त्या दिवशी डॉक्टरपेक्षाही आधी, नेमकं तेच बोलला होतात जे खरं होतं, आणि ते तुम्ही थट्टा म्हणून बोललात, जातीची टोपी घालून बोललात, म्हणून ते कोणाच्या कानात शिरलं नाही. माझ्याही नाही. मी घरी आलो आणि ठरवलं, नजर पक्की करायची.

मग रुपराव आला. म्हणजे तो होताच, माझ्या शेजारच्या जागेवर, नरखेडकडचा, घरी संत्र्याची बाग, प्रतापनगरात खोली करून राहायचा. त्याला माझं हसणं आवडलं नसावं. पुढच्या आठवड्यात तो पुटपुटला, "काय गा, तुले शेवट समजत नाही काय?" मी म्हटलं, उशिरा समजते. "मग आयक. मी तुह्याकडं पायत राहीन. झालं की कांडी वाजवतो." आणि त्यानं काचेची कांडी आपल्या चंबूला लावली. टक. एवढंच. प्रयोगशाळेत तसे शंभर आवाज असतात, नळाचे, बर्नरचे, काचेवर काच. त्यात एक टक माझी होती. तीन वर्षं मी तुमचं रसायनशास्त्र कानानं शिकलो, सर. बाकीचं नाकानं आणि हातानं. अमोनिया मला दारातून कळे. लोखंडाचा साका कसा धपकन बसतो आणि ॲल्युमिनियमचा कसा ढिला तरंगतो, ते मी पाहून ठेवलं. बाटल्या फळीवर कुठं आहेत ते मला पाठ होतं, आणि कोणी बाटली जागची हलवली की मी घामानं भिजायचो, इतका की पोरं म्हणत, हा कोष्टी मोठा शिस्तीचा. डावीकडची खुंटी. मी तुमच्या प्रयोगशाळेतही खुंट्या ठोकल्या होत्या आणि मलाच ते दिसत नव्हतं.

एकदा दिवाळीनंतर रुपरावनं मला गावी नेलं. एसटीनं उतरून पायी, विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकत. त्याचे वडील मारोतराव म्हणाले, तोडा बापा हातानं, शहरच्या माणसानं आपल्या हातानं तोडून खाव. मी झाडात शिरलो, टोपलीभर तोडली. मारोतरावांनी टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काहून तोडले गा? निरे हिरवे हायेत." मी म्हटलं, आम्हाला आंबट आवडतं. ते हसले, रुपराव हसला नाही. रात्रभर मी खाटेवर जागा होतो असं नाही, झोपलो. पण झोपताना बोटांना संत्र्याच्या सालीचा वास येत राहिला आणि काहीतरी मनात खुपत राहिलं, दातात धागा अडकावा तसं. बाजारात संत्री पिकलेलीच येतात. झाडावर ती निवडावी लागतात. हे साधं मला पहिल्यांदा कळलं होतं, आणि मी त्याच्यापाशी थांबलो नाही, पुढं निघून गेलो.

तुम्ही मात्र थांबला होतात. दुसऱ्या वर्षीचा तो दिवस. ज्योतीची परीक्षा चालली होती, तुम्ही मला जवळ बोलावलंत. आधी एक तार ज्योतीत धरलीत, मग दुसरी. "यातलं बेरियम कोणतं?" रुपराव त्या दिवशी तापानं खोलीवर पडला होता. मी ज्योतीकडे पाहिलं. दोन्ही वेळा एक मळका, पिवळट भडका. मी म्हटलं, पहिलं. तारा बदलल्यात की नाही कळलं नाही, पुन्हा धरल्यात. मी म्हटलं, दुसरं. तुम्ही बर्नर बंद केलात. हसला नाहीत. त्या दिवशी थट्टा नाही, जात नाही, काही नाही. मघाशी मी म्हटलं ना, नाही म्हणू नका. हे तुमचं न हसणं माझा पुरावा आहे. तुम्ही खाली पाहत म्हणालात, "तू पुढे फिजिकलकडे लक्ष दे. तिथं आकडे असतात." आणि मी, गाढव, खूश झालो. मला वाटलं सरांना माझं गणित आवडलं.

का नाही बोललात? त्या वर्षी आपल्या विभागात पोरं कमी होती, अर्धी बायॉलॉजी घेऊन डॉक्टरकीच्या मागं लागली होती, आणखी कोणी गेलं तर बॅच मोडेल असं कॉरिडॉरमध्ये बोललं जात होतं. त्यासाठी? हा माझा तर्क आहे, खोटा असेल तर तसं सांगा. की तुम्हाला दया आली? दया आली असेल तर ती फार महागाची दया होती, आणि किंमत माझ्या खात्यावर टाकून तुम्ही मोकळे झालात. दुसऱ्या वर्षी मला कळलं असतं तर मी गणित घेतलं असतं, सांख्यिकी घेतलं असतं, मास्तर झालो असतो.

सोमवारी संध्याकाळी रुपरावला सांगितलं. तो आता इथंच एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर आहे, त्याचा मावसभाऊ मेडिकलला. तो म्हणाला, "मले वाटे तुले माहीत हाये. तू बोलत नाहीस, मी बोलत नाही." मंगळवारी तो मावसभावाकडून तसंच ठिपक्यांचं पुस्तक घेऊन आला. "पाठ कर. पानाले पान. डॉक्टर काही पानं फाडून बदलवत नाही." आणि आम्ही बसलो. पान उघडायचं, तो आकडा बोलायचा, मी बोलायचो. मला तर ते येतंच. कोणत्या पानाचा कोपरा कसा दुमडला आहे, कुठं शाईचा डाग आहे, मी लगेच धरत गेलो. पण डाग या पुस्तकाचे, डॉक्टरच्या पुस्तकाचे नव्हेत, म्हणून मग नुसता क्रम. रुपराव म्हणाला, "तुह्या डोक्यात फोटो निंगते लेका." बुधवार दुपारपर्यंत पुस्तक झालं. मी उलटसुलट म्हणून दाखवू शकत होतो. आणि तरी एका जागी बसवत नव्हतं.

त्या संध्याकाळी माय सुताच्या कांड्या भरत बसली होती. चरख्याचा आवाज, तिचा हात एका लयीत. भिंतीला खुंट्या. आता काम अर्धं आहे, पॉवरलूमनं गिऱ्हाईक नेलं, पण खुंट्यांचा क्रम तोच. मी म्हटलं, माय, ह्या खुट्या अशा कोनं लावल्या? चरखा थांबला नाही.

"म्याच."

"काहून?"

"तू लहान होता तं लाल मांगतली का हिरवी आने. बापानं दोनदा मारलं. तरी हिरवीच आने. मंग म्या खुट्या ठरवल्या. मंग नाही चुकला."

"तुले मालूम होतं मग."

"काय मालूम होतं? तुले रंग समजत नाही थे? हो."

"सांगतलं नाही मले."

आता चरखा थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, असं जसं मी काहीतरी बावळट बोललो. "सांगून काय कराचं होतं? काम होत होतं ना." मग सूत बोटावर तोलत, "आता थ्या कारखान्यात नळं-फिळं असतीन. तिथं कोन ठोकते खुट्या तुह्यासाठी?"

मी तिच्यावर चिडलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिनं आणि तुम्ही एकच केलं, मला कळू दिलं नाही. मग मी तिला सोडून तुमच्याच मागं का लागलो? मी रात्री यावर विचार केला आणि मला उत्तर सोपं सापडलं नाही. तिनं मार थांबवला. खुंट्या तिच्या हातच्या होत्या, ती त्यांच्यापाशी बसलेली होती, लडी चुकली असती तर हात धरायला ती तिथंच होती. तुम्ही मला पदवी देऊन दाराबाहेर काढलंत. आणि ती शिकलेली नाही. तिला डाल्टन माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

आज गुरुवार. सकाळी डॉक्टरनं पुस्तक उघडलं. बारा. पुढचं पान. मी आकडा सांगितला. पुढचं. सांगितला. डॉक्टरच्या भुवया वर गेल्या. पाचव्या-सहाव्या पानाशी तो खुर्चीत सैल बसला, बरं वाटलं त्याला. "सोमवारी ढग होते हो," म्हणाला. "चांगलं झालं. तुमच्या तिथं सगळं नळांच्या रंगावर असतं. पाण्याच्या शेजारून ॲसिड. चुकीची तोटी फिरली तर खाली काम करणारी माणसं भाजून निघतील." तो हे गप्पा मारल्यासारखं बोलला आणि पुढचं पान उलटायला लागला, आणि मला भिंत दिसली. नुसती भिंत. खुंट्या नसलेली. मी म्हटलं, डॉक्टर, पुस्तक बंद करा. आता कुठलंही पान उघडा, मधलं, आणि पानाचा नंबर हातानं झाका. त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं उघडलं. ठिपके. साबुदाणा. मी म्हटलं, मला काही दिसत नाही, लिहा तसं. तो बराच वेळ लिहायला तयार होईना. मी उठेपर्यंत त्यानं लिहिलं नाही. मी दारातून म्हटलं, लिहा.

नोकरी गेली. बाहेर रुपराव सायकल धरून उभा होता, त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "आता कुठं?" मी म्हटलं, कॉलेजात.

म्हणून मी इथं उभा आहे, तुमच्या प्रयोगशाळेच्या दारात. दुपारची बॅच चालू आहे. फस्ट इयर. सगळे नवे डगले घालून, पांढऱ्या फरशीवर चंबू ठेवून, तोटी धरून. तुमचा आवाज तोच. "तांबूस आला की थांबा. रंग लिहा." तुम्ही मला पाहिलंत, ओळखलंत, आणि हात वर करून थांब अशी खूण केलीत, तास संपू दे म्हणून. नाही सर, तास चालू असतानाच. मी बोलतो आहे ते या पोरांनाही ऐकू जातं आहे, थेंब सोडायचे थांबलेत त्यांचे हात, जाऊ द्या. माझं जे व्हायचं ते झालं, मी तुमच्याकडे पदवी परत करायला आलेलो नाही, ती मी कमावली आहे, कानानं का होईना. मला एकच विचारायचं आहे. वर्षाच्या सुरुवातीला यांना डाल्टनचं नाव लिहून दाखवलंत ना फळ्यावर? मग यांच्यातल्या कोणाला लाल-हिरवं दिसत नाही, विचारलंत का? बर्नर बंद करू नका. खाली पाहू नका. विचारलंत का?